सुंभाची शिवण

समुद्र अजून कोणी मोजला नव्हता आणि वाऱ्यांना फक्त कोळीच नावानं ओळखत होते, त्या काळातली ही गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात एक शेट राहत होता. शेट म्हणजे काही जन्माचा श्रीमंत नव्हे. लहानपणी डोक्यावर टोपली घेऊन दारोदार सुया, फण्या विकल्या. टोपलीचं पुढं दुकान झालं, दुकानाची वखार झाली. शाळेचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नव्हता, पण गिऱ्हाईक पायरीशी वहाणा कशा काढतं यावरून ते काय घेणार हे तो ओळखायचा.

त्याच्या दुकानात एक गंमत होती. दरवर्षी गलबतावरून नवनवे जिन्नस यायचे. एका वर्षी तीन तोंडांचा दिवा आला, एका वर्षी घडी घालून काखेत मारता येईल असं जातं आलं. बायका तोंडाला पदर लावून बघायच्या, पुरुष "वा, वा" म्हणत घरी न्यायचे. दुसऱ्या वर्षी त्या दिव्याचं नावही कोणी काढत नसे. सुई, सूप, दोरी, फणी यांच्याकडं मात्र कोणी वळूनही पाहत नसे, आणि त्यांच्यावाचून कोणाचं एक दिवस चालत नसे. शेट त्या वस्तू डोळे मिटून मागवायचा. का मागवतो, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. दुकानदाराच्या हाताला काही गोष्टी डोक्याच्या आधी कळतात.

शेटला एकाच गोष्टीचा राग यायचा. त्या गावच्या होड्यांना खिळा म्हणून नसे. फळीला फळी लावायची, कडेनं भोकं पाडायची, आणि नारळाच्या काथ्याची दोरी, म्हणजे सुंभ, त्या भोकांतून ओवून होडी चक्क शिवायची. गोधडी शिवावी तशी. एक माणूस आत बसणार, एक बाहेर. आतला दोरी बाहेर देणार, बाहेरचा ओढून परत आत देणार. आणि एवढं करून थांबतील तर शपथ! दरवर्षी पावसाळा सरत आला की सारं गाव मिळून सगळ्या होड्या उसवायचं आणि नव्या सुंभानं पुन्हा शिवायचं. तितके दिवस धंदा बंद. वखारीत माल पडलेला, आणि हमाल, तांडेल, बायका, सगळे किनाऱ्यावर दोरी ओढत गाणी म्हणतायत.

"अरे, चांगली शिवलेली होडी उसवता कशाला?" शेट दरवर्षी विचारायचा.

एक म्हणायचा, "सुंभ कुजतं ना, शेट." दुसरा म्हणायचा, "कुजत कुठलं? दर्याला जुनी दोरी आवडत नाही." तिसरी म्हणायची, "माझी सासू उसवायची, म्हणून मी उसवते. तिला विचारलं असतं, पण तिच्यापुढं तोंड उघडायची सोय होती का?" आणि सगळे हसायचे.

शेटनं गावातल्या सगळ्यांत जुन्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, गाठलं. चाळीस-एक होड्यांच्या गावात ह्याच्या शब्दाला मान. "तू तरी सांग. होड्या शिवायच्या कशाला? खिळे का नाही मारायचे?"

तांडेलानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "काय माहीत, शेट. अशीच करतात."

"म्हणजे कारण काहीच नाही!" शेट म्हणाला, आणि खूश झाला. ज्याला कारण नाही ते सोडून देता येतं, असा त्याचा हिशेब.

त्याच सुमारास परगावचा एक सुतार आला. हात सोन्याचे आणि बोलणं त्याहून गोड. त्यानं किनाऱ्यावरच्या एका होडीला बोटानं टोचून पाहिलं. पाण्याचा थेंब बोटावर आला. "शेट," तो म्हणाला, "ह्या होड्या रडतात. मी तुम्हाला अशी होडी देतो, की आतमध्ये गादी घालून झोपा, अंग ओलं होणार नाही. लोखंडी खिळे. एक आडवा, एक उभा, एकमेकांत अडकवलेले. असा जोड जगात अजून कोणी केलेला नाही. मला झोपेत सुचला."

त्या थंडीत शेटची नवी होडी पाण्यात उतरली. खरं सांगायचं तर होडी देखणी होती. बाकीच्या होड्यांत बसलं की एकानं वल्हवायचं आणि एकानं करवंटीनं पाणी उपसायचं; हिच्यात थेंब नाही. वेग असा, की दुसऱ्या होड्या खाडीतून बाहेर पडेपर्यंत ही बेटाला टेकलेली. कोळ्यांची तरणी पोरं तिच्याभोवती घोटाळू लागली. सगळी थंडी आणि सगळा उन्हाळा ती फिरली. तिला ओरखडाही आला नाही. शेट तांडेलाला दिसला की मुद्दाम विचारायचा, "काय तांडेल, पाणी उपसून झालं का?" तांडेल म्हणायचा, "उपसतोय, शेट." त्याला राग म्हणून येत नसे, त्यामुळे शेटचीच चिडचिड व्हायची.

शेटची एकुलती एक लेक, आवडी, समोरच्या बेटावर दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही त्या किनाऱ्याची रीत. बेटावर सुईण नाही, आणि एकदा पावसाळा लागला की समुद्र बंद. मग पाखरूसुद्धा बेटावरून इकडं येत नसे. तेव्हा पावसाच्या आधी तिला आणायला शेट स्वतः निघाला. होडीत त्यानं मऊ गादी घातली, वर कापडाची सावली बांधली. सुतारही बरोबर आला. आपली होडी पहिलटकरणीला घेऊन येणार म्हणून तो शेटपेक्षा जास्त हरखला होता. दिवस वाऱ्याचे. अशा दिवसांत एकट्या होडीनं जायचं नाही, जोडीनं जायचं, हीसुद्धा तिथली रीत. म्हणून मागून तांडेलाची शिवलेली होडी निघाली. तिच्यात तांडेलाची बायको होती, कारण गावची सुईण तीच.

जाताना समुद्र शांत होता. बेटावर पोचले, आवडी सासूच्या पाया पडून किनाऱ्याला आली, तेवढ्यात हवा बदलली. आभाळाचा रंग पिकल्या लिंबासारखा झाला. वारा नव्हता, पण लांबून, दक्षिणेकडून, लाट यायला लागली. फुटणारी नाही, नुसती उचलणारी, गुबगुबीत, मुकी. तांडेल तिच्याकडं बघत उभा राहिला.

"निघूया आत्ताच," तो म्हणाला. "आज नाही निघालो तर मग दिवाळीलाच."

आवडी नव्या होडीकडं पाहून हसली. "बाबा, ही का ती? गादीसुद्धा आहे! चला, मला धरा, चढते."

शेटनं तिचा हात धरला. आणि तिथंच त्याचा पाय अडला.

होडी बांधून घेतल्यापासून इतके दिवस तिच्यात मीठ होतं, तांदूळ होते, तो स्वतः होता. आज लेक होती, आणि लेकीच्या पोटात आणखी एक जीव. माल पाठवताना माणूस एक विचार करतो, आणि लेक पाठवताना दुसरा. त्यानं एकदा नव्या होडीकडं पाहिलं, एकदा जुनीकडं. जुनीच्या तळाशी घोटाभर पाणी, सुंभ वर्षभराच्या खारानं काळं पडलेलं. डोळे म्हणत होते, नवी. डोकं म्हणत होतं, नवी. सुतार तर हातच पुढं करून उभा होता.

"तांडेल," शेटनं विचारलं, "तुझी होडी जास्त चांगली आहे का?"

"मी कुठं म्हटलं तसं? गळते की ती."

"मग ती वाचेल आणि माझी वाचणार नाही, असं वाटतं का तुला?"

"ते मला काय माहीत, शेट? मोठ्या दर्यात तुमची होडी मी बघितलेली नाही. तुमच्या होडीनंही मोठा दर्या बघितलेला नाही."

"तुझ्या आजानं अशीच शिवली होती?"

"आजाच्या आजानंही. त्याच्यापलीकडं आम्हाला नावं ठाऊक नाहीत."

नावं ठाऊक नाहीत! शेटच्या डोळ्यांपुढं एकामागून एक माणसं यायला लागली, तोंडं नसलेली. प्रत्येकानं कधी ना कधी ह्याच किनाऱ्यावर उभं राहून पिवळं आभाळ पाहिलं असेल. प्रत्येकाची कोणीतरी आवडी असेल. त्यातल्या कितीकांना काहीतरी अधिक सोयीचं सुचलं असेल. माणूस काय आजच हुशार झाला आहे? आणि तरी शेवटी हे सुंभच राहिलं. दुकानातली सुई जशी राहिली. सुईला कोणी वशिला लावला नव्हता. ती दरवर्षी नव्या वस्तूंच्या गर्दीत उभी राहायची आणि दरवर्षी उरायची. आपण तिला डोळे मिटून मागवतो ते ती जुनी म्हणून नव्हे. इतक्यांनी टाकून द्यायची संधी असूनही टाकली नाही म्हणून. कारण कोणाला सांगता येत नाही, म्हणजे कारण नाही, असं थोडंच असतं? कदाचित ते इतकं जुनं असेल, की सांगणारे विरून गेले आणि नुसती रीत तेवढी उरली.

"आवडे," तो म्हणाला, "तू तांडेलाच्या होडीत बस."

"अहो बाबा! तिच्यात पाणी आहे! आणि ही माझ्यासाठी गादी घालून आणलीत ना?"

"आणली. पण तिला थोडी मोठी होऊ दे. मग तू बस, तुझं लेकरू बसू दे."

सुताराचा चेहरा पडला. "शेट, माझ्या कामावर विश्वास नाही?"

"तुझ्या कामावर आहे, म्हणून तर मी स्वतः हिच्यात बसतोय," शेट म्हणाला. "पण माझं वय झालं. विश्वास टाकून बघायला मी पुरे."

तांडेलाच्या बायकोनं आवडीला हात देऊन आत घेतलं आणि करवंटी तिच्या पुढ्यात ठेवली. "घे गं. बसल्या बसल्या उपस. बाळाला आतूनच सवय लागेल."

दोन्ही होड्या निघाल्या. नवी पुढं, जुनी मागं. मधला समुद्र पार झाला. गाव दिसू लागलं, किनाऱ्यावर माणसं जमलेली दिसू लागली. पण खाडीच्या तोंडाशी आडवा वाळूचा दांडा होता. एरवी त्यावरून होडी सहज सरकून जाई. आज ती मुकी लाट तिथं येऊन उभी राहत होती आणि गर्जना करून फुटत होती.

नवी होडी वेगानं शिरली. एका लाटेनं तिला उचललं आणि दांड्यावर आपटलं. वाळू दगडासारखी कडक. फळ्यांना थोडं हलायचं होतं, खिळे हलू देईनात. दुसरी लाट आली, तिनं पुन्हा आपटलं. मग एक आवाज झाला, एकामागून एक झाडं मोडावीत तसा, आणि ती देखणी होडी मधोमध उघडली. गादी तरंगत गेली. शेट, सुतार, वल्हेकरी पाण्यात.

शेटनं डोकं वर काढलं तेव्हा मागची होडी दांड्यावर येत होती. तिच्यात त्याची लेक. तिलाही त्याच लाटेनं उचललं, त्याच वाळूवर आपटलं. शेटनं ओरडायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. होडी वाकली. नाक एकीकडं, शेपूट दुसरीकडं, माशानं अंग पिळावं तशी. शिवणीशिवणीतून पाण्याची कारंजी उडाली. क्षणभर वाटलं, संपलं. आणि ती परत सरळ झाली. पुन्हा लाट, पुन्हा आपट, पुन्हा अंग पिळलं, पुन्हा सरळ. आपटी खात खात, वळवळत, ती दांड्यावरून अलीकडं उतरली.

कोणीतरी शेटचा सदरा मानेशी धरला. तांडेलाची बायको. "या, शेट, आत या. ओलं आहे, चालेल ना?"

एकेकाला आत ओढलं. आवडी मान वर न करता करवंटीनं पाणी उपसत होती, डोळ्यांतलं पाणी आणि होडीतलं पाणी एकत्र. शेट तळाशी आडवा पडला. त्याचा तळवा फळीवर टेकला होता. आणि फळी हलत होती. गाभण गाईच्या कुशीवर हात ठेवला की आतून जाणवतं तशी, मंद, सावकाश. शेट एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या होडीत बसला होता, आणि त्याला वाटलं, आपण एका श्वास घेणाऱ्या जनावराच्या पोटात आहोत, आणि ते आपल्याला घरी नेत आहे.

आवडीला मुलगी झाली. तांडेलाच्या बायकोनं नाळ कापली आणि म्हणाली, "हिला मी बेटावरून येतानाच ओळखलं होतं. सगळे ओरडत होते, हिनं एक लाथ नाही मारली."

पाऊस आला, कोसळला, आणि मधे एकदा उघडीप पडली. अमावास्येची मोठी ओहोटी लागली. तांडेल शेटच्या दारात आला. "चला, तुम्हाला काहीतरी दाखवतो. माझ्या उभ्या जन्मात दांडा इतका उघडा पडलेला नाही."

शेट गेला, सुतारही गेला. वादळानं दांड्याची वाळू ओरबाडून नेली होती. आणि खाली होड्या होत्या. नव्या होडीचे तुकडे तर होतेच, पण त्यांच्या खाली, आणखी खाली, सांगाडेच सांगाडे. माशांच्या काट्यांसारख्या फासळ्या वाळूतून वर आलेल्या. शेट त्यांच्यामधून हळू हळू चालत गेला. एक होडी लाकडी खुंट्या ठोकून जोडलेली. एकीवर तांब्याचा पत्रा, हिरवा पडलेला. एकीला पिंपासारख्या लोखंडी पट्ट्या. एक दुहेरी तळाची. काही इतक्या जुन्या, की बोट लावलं की भुगा व्हायच्या. प्रत्येकीत कोणाची तरी हुशारी होती. प्रत्येक जण कधीतरी किनाऱ्यावर छाती पुढं काढून उभा राहिला असणार, आणि कोणा तांडेलाला विचारलं असणार, "काय, पाणी उपसून झालं का?"

सुतार एका सांगाड्यापाशी गुडघ्यावर बसला होता. शेट जवळ गेला. सडलेल्या लाकडात गंजून लाल झालेले दोन खिळे होते. एक आडवा, एक उभा. एकमेकांत अडकवलेले.

"हा माझा जोड आहे," सुतार अगदी बारीक आवाजात म्हणाला. "शेट, हा मला झोपेत सुचला होता."

"त्यालाही झोपेतच सुचला असेल," शेट म्हणाला, आणि त्यानं सुताराच्या खांद्यावर हात ठेवला. त्या आवाजात चेष्टा नव्हती. "सांगायला तो परत आला नाही, एवढंच."

मग शेटच्या एकदम लक्षात आलं. त्यानं सगळा दांडा नजरेनं धुंडाळला. "तांडेल, ह्यात शिवलेली एकही नाही! शिवलेली कधी बुडतच नाही की काय?"

"बुडते की! माझा काका बुडाला. समुद्र काय कोणाचा पाहुणा आहे? पण शिवण सुटली की फळ्या सुट्या होतात, तरंगत किनाऱ्याला येतात. आम्ही गोळा करतो, पुन्हा शिवतो. इथं पुरायला मागं राहतंय काय?"

त्या दिवशी शेट परत येताना तांडेलाच्या होडीपाशी थांबला. आजवर त्यानं तिच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. फळ्यांवर भोकांच्या ओळी होत्या; आजची शिवण जाते ती एक, आणि तिच्या बाजूला काथ्यानं बुजवलेल्या जुन्या, त्यांच्याही बाजूला आणखी जुन्या. एक फळी तर अशी होती, की तिच्यातलं लाकूड जास्त की भोकं जास्त, हे कळेना. ती कोणाच्या होडीतून आली, कोणी आधी भोक पाडलं, तांडेलाला ठाऊक नव्हतं. शेट तिच्यावर हात फिरवत राहिला. सुंभ ह्या वर्षीचं. फळ्या कुठल्या कुठल्या. शिवणारे हात आजचे, उद्या तेही नसणार. मग त्या बिननावाच्या लोकांपासून इथवर आलं ते नेमकं काय? हातात धरता येईल असं काहीच नव्हतं. नुसती एक रीत. ना तिला हाडं, ना तिला म्हातारपण. लोखंड गंजलं, तांबं हिरवं झालं, आणि ही, जिला वजनसुद्धा नाही, ती सगळ्यांच्या वरून चालत आली होती. शेटनं नकळत हात जोडले, आणि कोणाला जोडले हे त्याला सांगता आलं नसतं.

पावसाळा सरला. गाव किनाऱ्यावर जमलं, होड्या उसवल्या गेल्या. त्या वर्षी शेटनं दुकानाला आपण होऊन कडी घातली आणि होडीच्या आत जाऊन बसला. बाहेर, दोरी ओढायला, सुतार. तो गाव सोडून जाणार होता. शेटनंच त्याला ठेवून घेतलं होतं. "तुझ्या डोक्यात नवं येणार, ते येऊ दे," तो म्हणाला होता. "ही शिवणसुद्धा कोणाला तरी पहिल्यांदा सुचलीच ना? आणि गाव त्याला हसलंच असेल. तू लहान होडी कर, खाडीच्या आत फिरव, मीठ-मासळी ने. काही पावसाळे तिला निघू देत. ती उरली, तर आपण नसलो तरी लोक तिच्यात लेकी बसवतील."

आवडी बाळाला घेऊन आली आणि होडीच्या सावलीत बसली. शेटनं भोकातून सुंभ बाहेर दिलं. सुतारानं ते ओढलं, परत आत दिलं. त्याच्या हाताची ताकद दांडगी. पाय फळीला लावून तो ओढत होता.

"अजून घट्ट करू का, शेट?" त्यानं बाहेरून विचारलं.

शेटनं फळीवर तळवा ठेवला. फळीपलीकडं नात काहीतरी हुंकारत होती.

"नको," तो म्हणाला. "थोडं हलू दे."

तात्पर्य इतकंच: माणसाचा प्रत्येक दिवस त्याच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होतो, पण काळाच्या कसोटीला उतरलेल्या कल्पनेचा प्रत्येक दिवस तिच्या आयुष्यात भर घालतो. म्हणून नव्याला जगून दाखवायला वेळ द्यावा, आणि जिवाचं माणूस पाठवायचं असेल तेव्हा जे फार काळ टिकलं आहे, त्याच्या हाती द्यावं.